हेलफायर क्लब: थेम्सकाठचे 'साधू' आणि सैतानपूजेच्या अफवेचा जन्म

दप्तरदार (धागाकर्ता)

हेलफायर क्लबचं नाव काढलं की ठरलेलं चित्र डोळ्यांपुढे येतं. थेम्सकाठचा पडका मठ, रात्री होडीतून उतरणारे इंग्रज उमराव, अंगात संन्याशांचे झगे, डोंगराच्या पोटातली गुहा आणि तिथे चाललेली सैतानाची पूजा. यूट्यूबवर याचे ढिगाने व्हिडिओ आहेत. या विषयावर मी बरीच वर्षं वाचतो आहे आणि माझं मत आता पक्कं झालं आहे. सैतानपूजेची ही कथा राजकीय भांडणातून जन्मली, आणि तिच्या चमचमाटात त्या माणसांचं खरं वागणं झाकलं गेलं. धागा लांब आहे, सवडीने वाचा.

आधी एक गोंधळ दूर करू. हेलफायर क्लब एकच नव्हता. या नावाचा पहिला क्लब लंडनमध्ये १७१९ च्या सुमारास निघाला. काढणारा फिलिप, ड्यूक ऑफ व्हार्टन. वय विशीचं, बापाची अफाट इस्टेट हातात आलेली, जिभेला धार. क्लबचा अध्यक्ष म्हणून सैतानाचं नाव घ्यायचं, बैठक मुद्दाम रविवारी भरवायची, जेवणातल्या पदार्थांना पवित्र नावं द्यायची, असले प्रकार तिथे चालतात अशी बोलवा होती. बायकांनाही प्रवेश होता म्हणतात, आणि याचाच त्या काळी जास्त बोभाटा झाला. एप्रिल १७२१ मध्ये पहिल्या जॉर्ज राजाने अशा पाखंडी मंडळ्यांविरुद्ध फर्मान काढलं.

आता तारखा शेजारी शेजारी ठेवून बघा. १७२० साली साउथ सी कंपनीच्या शेअरांचा फुगा फुटला. हजारो घरं बुडाली, मंत्र्यांनी लाच खाल्ल्याचं उघड झालं. संसदेच्या लॉर्ड्स सभागृहात सरकारवर सगळ्यांत जहरी तुटून पडत होता तो हाच व्हार्टन. त्याचे स्वतःचेही १,२०,००० पौंड त्यात बुडाले होते. फेब्रुवारी १७२१ मध्ये त्याला उत्तर देताना मंत्री स्टॅनहोप इतका संतापला की त्याची प्रकृती तिथेच बिघडली आणि दुसऱ्या दिवशी तो वारला. दोन-तीन महिन्यांत पाखंडी क्लबांविरुद्धचं फर्मान आलं. लोकांचे पैसे कुणी खाल्ले हा प्रश्न मागे पडून सैतानाची आरती कोण करतो याची चर्चा सुरू झाली, तर सरकारला हवंच होतं. पाखंडाविरुद्धचं विधेयक लॉर्ड्समध्ये आलं तेव्हा व्हार्टनने बायबल काढून त्यातलेच उतारे वाचत विरोध केला. विधेयक बारगळलं. क्लब मात्र मोडला. पुढे हाच गृहस्थ १७२२ मध्ये लंडनच्या फ्रीमेसन या गुप्त बंधुसंघाचा ग्रँड मास्टर, म्हणजे प्रमुख, झाला आणि १७३१ मध्ये स्पेनमधल्या एका मठात कफल्लक अवस्थेत गेला.

ज्याला आज सगळे हेलफायर क्लब म्हणतात तो यानंतर तीस वर्षांनी आला आणि त्याच्या सभासदांनी ते नाव कधी वापरलंच नाही. ते स्वतःला वायकम्बच्या संत फ्रान्सिसचे साधू म्हणवत. बाहेरचे लोक मेडमेनहॅमचे साधू म्हणत. 'संत फ्रान्सिस' म्हणजे सर फ्रान्सिस डॅशवुड. जन्म १७०८. बापाने पूर्वेकडच्या व्यापारात पैसा केलेला, आई उमराव घराण्यातली. पंधराव्या वर्षी सरदारकी आणि बकिंगहॅमशायर परगण्यातली वेस्ट वायकम्बची जहागीर वारशाने मिळाली. तरुणपणी इटली, रशिया, तुर्कस्तान असा हिंडला. १७३४ च्या सुमारास त्याने आणि त्याच्या मित्रांनी सोसायटी ऑफ डिलेटान्टी हे हौशी कलाप्रेमी उमरावांचं मंडळ काढलं. सभासदत्वाची सांगायची अट इटली पाहिलेली असणे आणि खरी अट दारू प्यालेलं असणे, असं त्या काळचा लेखक हॉरेस वॉलपोल लिहून गेलाय. पण याच मंडळीने पुढे अथेन्सच्या प्राचीन इमारती मोजून घेण्याच्या मोठ्या कामाला पाठबळ दिलं. डॅशवुड कळायला हा दुपेडीपणा आधी ध्यानात घ्यावा लागतो. दारूबाजी आणि अभ्यास दोन्ही खरे.

१७४२ साली जॉर्ज नॅप्टनने त्याचं एक चित्र काढलं. डॅशवुड फ्रान्सिस्कन साधूच्या वेषात आहे, हातात चषक, आणि नजर भक्तिभावाने व्हीनसच्या पुतळ्यावर. मेडमेनहॅमला जाण्याच्या किती तरी आधीचं हे चित्र. कॅथलिक मठाची नक्कल करून त्यात ग्रीक-रोमन देवता बसवायच्या, हा त्याचा जुना खेळ होता. सैतान त्यात कुठेच नाही.

१७५१ च्या सुमारास त्याने मेडमेनहॅमचा मठ भाड्याने घेतला. सिस्टर्शियन पंथाचा हा मठ आठव्या हेन्रीच्या काळात, १५३६ मध्ये, बंद पडला होता. डॅशवुडने तो मुद्दाम पडका दिसेल अशा बेताने दुरुस्त केला आणि दारावर फ्रेंचमध्ये कोरलं: 'फे स क वुद्रा', मनाला येईल ते कर. हे वाक्य फ्रेंच लेखक राब्लेच्या सोळाव्या शतकातल्या 'गार्गान्त्युआ' कादंबरीतल्या थेलेम या काल्पनिक मठाचं. तिथे ते सैतानासाठी लिहिलेलं नाही. चांगल्या वळणाची माणसं मोकळी सोडली तर चांगलंच वागतील, असा त्यामागचा विश्वास आहे.

सभासद कोण? अर्ल ऑफ सँडविच, जो पुढे आरमाराचा मुख्य झाला. धनाढ्य राजकारणी बब डॉडिंग्टन. कॅन्टरबरीच्या आर्चबिशपचा मुलगा टॉमस पॉटर. कवी पॉल व्हाइटहेड, जो कारभारी होता. खासदार जॉन विल्क्स. म्हणजे ही मंडळी सत्तेच्या परिघाबाहेरची नव्हती. १७६२ मध्ये तर डॅशवुड स्वतः इंग्लंडचा अर्थमंत्री झाला. हिशेबात कच्चा होता. सफरचंदाच्या दारूवर, सायडरवर, हॉग्जहेडला, म्हणजे एका मोठ्या पिंपाला, चार शिलिंग कर बसवला आणि पश्चिमेकडच्या परगण्यांत दंगे झाले. वर्षभरात पद गेलं.

भांडण इथेच पेटलं. पंतप्रधान अर्ल ऑफ ब्यूटचं हे मंत्रिमंडळ विल्क्सच्या डोळ्यांत खुपत होतं. 'नॉर्थ ब्रिटन' या त्याच्या पत्राचा ४५ वा अंक २३ एप्रिल १७६३ ला निघाला. त्यात थेट राजाच्या भाषणावर हल्ला होता. विल्क्सला पकडलं, पण खासदार म्हणून तो सुटला. मग सरकारने दुसरा मार्ग शोधला. विल्क्सने मित्रांपुरती एक अश्लील विडंबन कविता छापायला घेतली होती, जेमतेम डझनभर प्रती. बहुधा ती मूळ पॉटरची. छापखान्यातल्या माणसाला फोडून सरकारने पानं मिळवली आणि १५ नोव्हेंबर १७६३ ला ती लॉर्ड्समध्ये मोठ्याने वाचून दाखवली. वाचणारा कोण? सँडविच! मेडमेनहॅमला विल्क्सच्या शेजारी बसून पिणारा त्याचा 'गुरुबंधू'. लोकांना इतकी चीड आली की 'बेगर्स ऑपेरा'च्या प्रयोगात मित्राला दगा देणाऱ्या जेमी ट्विचरचा उल्लेख आला तेव्हा प्रेक्षकांनी सँडविचच्या नावाने थिएटर डोक्यावर घेतलं. जन्मभर त्याला ते नाव चिकटलं.

या धुळवडीत मठाच्या गोष्टी बाहेर पडल्या. १७६५ मध्ये चार्ल्स जॉन्स्टन या आयरिश लेखकाने 'क्रिसल' या कादंबरीचे नवे भाग काढले. सोन्याच्या नाण्यातला आत्मा हातोहात फिरत बड्या लोकांच्या भानगडी सांगतो, अशी ती कादंबरी. त्यात साधूंचा मठ आहे, सैतानाची प्रार्थना आहे, आणि एकाने पेटीत लपवून ठेवलेलं बबून माकड ऐन प्रार्थनेत सोडल्यावर सैतानच आला म्हणून गयावया करणारा उमराव आहे. वाचकांनी तो सँडविच म्हणून ओळखला, आणि बबून सोडणारा विल्क्स म्हणून. आज सांगितली जाणारी सैतानपूजेची जवळजवळ प्रत्येक गोष्ट मागे मागे नेली की या कादंबरीच्या पानावर येऊन थांबते.

प्रतिसादांत बोलू.

सह्यकडा

दप्तरदारसाहेब, जबरदस्त. साउथ सीचा संदर्भ कुठेच वाचला नव्हता. वाचनखूण साठवली.

एक प्रश्न. डब्लिनजवळच्या डोंगरावर हेलफायर क्लब नावाची पडकी इमारत आहे, तिथे सैतान पत्ते खेळायला आला होता अशी दंतकथा ऐकली आहे. तो याच लोकांचा क्लब का?

दप्तरदार

नाही, तो वेगळा. डब्लिनचा क्लब १७३५ च्या आसपास अर्ल ऑफ रॉस आणि चित्रकार जेम्स वर्सडेल यांनी काढला. या मंडळींचं वर्सडेलने काढलेलं चित्र आयर्लंडच्या राष्ट्रीय चित्रदालनात आहे. नीट कपडे घातलेले गृहस्थ टेबलाभोवती बसून पीत आहेत, एवढंच त्यात दिसतं.

माँटपेलियर टेकडीवरची ती इमारत मात्र मूळ शिकारखाना. आयरिश संसदेचा सभापती विल्यम कोनॉलीने १७२५ च्या सुमारास बांधलेला. बांधताना माथ्यावरच्या प्राचीन थडग्याचे दगड वापरले. पुढे वादळात छप्पर उडालं आणि लोक म्हणाले, थडगं मोडलं म्हणून सैतानाने उडवलं. २०१६ मध्ये तिथे उत्खनन झालं तेव्हा ते थडगं अश्मयुगातलं, पॅसेज पद्धतीचं असल्याचं दिसलं आणि कोरीव नक्षीचा एक दगडही सापडला. पत्त्याच्या डावात टेबलाखाली वाकल्यावर पाहुण्याचे खूर दिसले, ही कथा आयर्लंडात आणखीही काही वाड्यांबद्दल सांगतात.

पाणवठा

आम्ही स्लाउला राहतो, तिथून वेस्ट वायकम्ब जवळ आहे. मुलांना घेऊन गुहा पाहिल्या आहेत, म्हणून लिहिते.

डोंगर चुन्याच्या मऊ खडूचा आहे. आत पाव मैलाहून जास्त लांब बोगदा जातो, मध्ये एक मोठं गोल दालन, पुढे पाण्याचा छोटा ओहोळ. त्याला स्टिक्स नाव दिलंय, म्हणजे ग्रीकांची वैतरणी. ओहोळ ओलांडला की सगळ्यांत आतली खोली. बरोबर वर, टेकडीच्या माथ्यावर, सेंट लॉरेन्सचं चर्च. त्याच्या मनोऱ्यावर सोनेरी गोळा आहे आणि तो इतका मोठा की आत सहा-सात माणसं बसू शकतात. खाली पाताळ, वर स्वर्ग, असं गाईड सांगतात आणि ऐकताना अंगावर काटा येतोच.

पण मला जास्त भावला तो गुहेचा हिशेब. १७४८ पासून काही वर्षं तिकडे पिकं बुडाली, गावकऱ्यांना काम नव्हतं. डॅशवुडने त्यांना रोज एक शिलिंग देऊन खडू खणायला लावला आणि त्यातून हाय वायकम्बपर्यंतचा सुमारे तीन मैलांचा रस्ता केला. आपल्याकडे दुष्काळात रोजगार हमीवर पाझर तलाव आणि रस्ते झाले तसंच हे. आजही त्याच रस्त्याने गाड्या जातात.

दप्तरदार

पाणवठाताई, फार महत्त्वाचा मुद्दा. हे त्याचं एकदाच सुचलेलं पुण्य नव्हतं. १७४७ मध्ये गरिबांना सार्वजनिक बांधकामांवर रोजगार द्यावा असं विधेयक त्याने संसदेत आणलं होतं. ते पडलं. मग स्वतःच्या जहागिरीत करून दाखवलं. १७५७ मध्ये अॅडमिरल बिंगला युद्धातल्या अपयशासाठी सरकारने बळीचा बकरा करून गोळ्या घातल्या, तेव्हा त्याला वाचवण्यासाठी बोलणाऱ्यांत डॅशवुड होता.

आणि 'साधूं'ची बैठक या गुहांत भरल्याचा त्या काळातला एकही लेखी पुरावा नाही. बैठका मेडमेनहॅमला, सहा-सात मैलांवर. दुसऱ्या महायुद्धानंतर घराण्यातल्या वारसाने गुहा पर्यटकांसाठी खुल्या केल्या आणि क्लबची गोष्ट कायमची गुहेत जाऊन बसली.

तिठ्यावरचा

धागा आवडला, पण इतक्या सहज क्लीन चिट देणं मला पटत नाही. आगीशिवाय धूर निघत नाही. कारभारी पॉल व्हाइटहेडने मरणापूर्वी क्लबचे सगळे कागद जाळले असं मीही वाचलंय. लपवण्यासारखं काही नव्हतं तर जाळले कशाला? आणि तो स्वतः किती विचित्र! मृत्युपत्रात आपलं काळीज डॅशवुडला ठेवायला देऊन गेला. काळीज काढून कलशात ठेवणं तुम्हाला साधं वाटतं?

दप्तरदार

प्रश्न रास्त आहे, नीट उत्तर देतो.

काळजाचं आधी. व्हाइटहेड डिसेंबर १७७४ मध्ये गेला. कलशासाठी ५० पौंड ठेवून गेला होता. पुढच्या ऑगस्टमध्ये परगण्याच्या पलटणीने बँडसह कूच करत तो कलश टेकडीवरच्या षट्कोनी समाधीवास्तूत नेऊन ठेवला. ही वास्तू बब डॉडिंग्टनने मृत्युपत्रात दिलेल्या ५०० पौंडांतून उभी राहिली. सगळं भर दिवसा, गावासमोर. काळीज वेगळं पुरण्याची चाल युरोपच्या राजघराण्यांत शतकानुशतकं होती. ते काळीज १८२९ मध्ये चोरीला गेलं असं सांगतात.

कागद जाळले, हे खरं धरून चालू. १७७४ मध्ये सँडविच आरमाराचा मुख्य होता, डॅशवुड पोस्टमास्टर जनरल, विल्क्स त्याच वर्षी लंडनचा लॉर्ड मेयर झालेला. डझनभर प्रती छापलेल्या एका कवितेवरून काय रामायण झालं ते सगळ्यांनी पाहिलं होतं. अशा वेळी कोणत्याही शहाण्या कारभाऱ्याने कागद जाळलेच असते. दारू, बायका, मंत्र्यांची टवाळी, एवढं त्यात असणं पुरेसं होतं.

जे उरलं त्यात तळघराची वही आहे, म्हणजे कोणत्या 'बंधू'साठी दारूच्या किती बाटल्या काढल्या त्याची नोंद. वॉलपोल १७६३ मध्ये मठ पाहून आला. तो या लोकांचा मित्र नव्हता, कुचकं लिहिण्यात पटाईत होता. त्यानेही लिहिलं ते इतकंच, की यांचे खरे देव बॅकस आणि व्हीनस. मद्य आणि मदन.

पण माझा सगळ्यांत भक्कम पुरावा विल्क्स आहे. डिसेंबर १७६३ मध्ये त्याला पॅरिसला पळावं लागलं, खासदारकी गेली, १७६४ मध्ये त्याला कायद्याबाहेर घोषित केलं. ज्यांनी हे केलं त्यांत त्याचे मेडमेनहॅमचे साथीदार होते. गमावण्यासारखं काही उरलं नव्हतं आणि लेखणी तर हातात होतीच. त्याने मठाच्या बागेचं वर्णन छापलं, कुठे कोणता पुतळा, त्याखाली कोणती चावट लॅटिन ओळ, सगळं. आतल्या सभागृहाबद्दल म्हटलं ते असं, की तिथे बोना डिआ या रोमन देवीला मद्य वाहिलं जातं आणि बाहेरच्यांना आत प्रवेश नाही. तिठ्यावरचे, विचार करा. सूड घ्यायला टपलेला, आत वावरलेला माणूस शत्रूंवर सैतानपूजेचा आरोप करत नाही. असतं तर त्याने सोडलं असतं?

तिठ्यावरचा

विल्क्सचा मुद्दा वजनदार आहे. मान्य. पण बोना डिआची पूजा म्हणजे गुप्त विधी झालाच ना? ग्रीक रहस्यपंथांसारखं काही तरी ही माणसं गांभीर्याने करत असतील, ही शक्यता राहते.

दप्तरदार

राहते, आणि मीही ती नाकारत नाही. डॅशवुडने आपल्या बागेत देवळं बांधली, १७७१ मध्ये घराची पश्चिम बाजू बॅकसच्या देवळासारखी केली. प्राचीन धर्मांबद्दल त्याला मनापासून ओढ होती. पण रोमन देवीला मद्य वाहणं आणि ख्रिस्ती कल्पनेतल्या सैतानाला आवाहन करणं यांत फार अंतर आहे.

कस्तुरगंध

मला दुसरीच गोष्ट खटकते आणि इथे अजून कुणी बोललं नाही. त्या मठात 'साध्वी' म्हणून आणलेल्या बायका कोण होत्या?

प्रत्येक पुस्तकात एक परिच्छेद असतो. लंडनहून बग्गीतून किंवा होडीतून बायका येत, मुखवटे घालून येत, काही खानदानी होत्या, काही वेश्या. बस. उमरावांची चित्रं आहेत, पत्रं आहेत, मृत्युपत्रं आहेत, एकाचं तर काळीजसुद्धा जपून ठेवलं होतं. या बायकांपैकी एकीचंही नाव खात्रीने सांगता येत नाही. त्या काळच्या लंडनमध्ये किती तरी मुली कोवळ्या वयात या धंद्यात ओढल्या जात. 'मनाला येईल ते कर' ही पाटी त्यांच्यासाठी होती का? मद्य आणि मदन म्हणून आपण सोडून देतो, त्यातला मदन कुणाच्या जिवावर चालला होता हेही विचारायला हवं. सैतान होता की नव्हता यात मला रस नाही.

पाणवठा

कस्तुरगंध, अगदी मनातलं लिहिलंस गं. गुहेत मेणाचे पुतळे मांडले आहेत, त्यातही पुरुषांच्या नावानिशी कहाण्या ऐकवतात.

दप्तरदार

कस्तुरगंधताई, तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. राब्लेच्या थेलेममध्ये स्त्री-पुरुष दोघंही आपल्या मर्जीने येतात, दोघांनाही निघून जायची मुभा आहे. डॅशवुडने दारावरची ओळ उचलली, ही अट उचलली का, ते तळघराच्या वहीवरून कळत नाही. या बायकांनी स्वतः काही सांगितलं असेल तर ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.

हुगळीकाठचा मराठी

मी कोलकात्यात असतो, म्हणून या कथेचं हिंदुस्थानाकडचं टोक सांगतो.

मेडमेनहॅमच्या सभासदांत व्हॅन्सिटार्ट बंधूंची नावं घेतात. रॉबर्ट ऑक्सफर्डला कायद्याचा प्राध्यापक. त्याचा भाऊ हेन्री व्हॅन्सिटार्ट १७६० ते १७६४ बंगालचा गव्हर्नर. मीर जाफरला उतरवून मीर कासिमला गादीवर बसवणारा तो हाच. कंपनीचे नोकर खासगी व्यापारात जकात बुडवत होते, त्यावरून मीर कासिमशी बिनसलं, युद्ध झालं आणि १७६४ मध्ये बक्सर. हेन्री पुढे कंपनीचा तपासनीस म्हणून पुन्हा इकडे निघाला. १७६९ च्या अखेरीस केप टाउन सोडल्यावर त्याचं 'अरोरा' जहाज नाहीसं झालं, कायमचं.

विल्क्सने सोडलेलं ते बबून हेन्रीने बंगालमधून पाठवलं होतं असं हल्लीच्या लेखांत सर्रास असतं. बंगालमध्ये बबून नाही! तो आफ्रिका आणि अरबस्तानातला प्राणी. आपल्याकडे लाल तोंडाची माकडं आणि वानर. कादंबरीतल्या प्रसंगाला नंतर कुणी तरी खरेपणाची फोडणी दिली, हे यावरून कळतं.

आणि एक. ती 'क्रिसल' लिहिणारा जॉन्स्टन १७८२ मध्ये जहाजात बसून आमच्या कोलकात्याला आला. इथल्या इंग्रजी वर्तमानपत्रांत लिहू लागला, एका पत्राचा भागीदार झाला, आणि १८०० च्या सुमारास इथेच वारला.

दप्तरदार

वा! बबूनचा मुद्दा तर मोलाचा. जॉन्स्टन अफवा पेरून तुमच्या गावात येऊन राहिला हे बरेच जण विसरतात.

रानभूल

दोन छोटे प्रश्न. बेंजामिन फ्रँकलिन खरंच सभासद होता का? आणि अॅलिस्टर क्रोलीचा याच्याशी काय संबंध? त्याचंही वाक्य 'मनाला येईल ते कर' असंच आहे.

दप्तरदार

क्रोलीचं थोडक्यात. त्यानेही राब्लेची ओळ उचलली आणि १९२० मध्ये सिसिलीत चेफालूला स्वतःचा थेलेमाचा मठ काढला. तो खराखुरा तांत्रिक. त्याच्यामुळे लोक मागे वळून डॅशवुडलाही त्याच रांगेत बसवतात.

फ्रँकलिन सभासद असल्याचा पुरावा नाही. तो डॅशवुडचा जवळचा मित्र झाला १७७० नंतर, मठाची भरभराट ओसरल्यावर. वेस्ट वायकम्बला येऊन राहायचा. या दोघांनी मिळून १७७३ मध्ये काय केलं माहितीय? चर्च ऑफ इंग्लंडच्या प्रार्थनेच्या पुस्तकाची छोटी आवृत्ती काढली. गार चर्चमध्ये तासन्‌तास बसून म्हाताऱ्यांचे हाल होऊ नयेत आणि तरुणांनीही यावं, म्हणून प्रार्थना आखूड केल्या. खप जवळजवळ झालाच नाही. सैतानाचा पुजारी म्हणून बदनाम झालेला माणूस उतारवयात चर्चमधली थंडी कशी सोसेल याची काळजी वाहत होता.

सह्यकडा

एक राहिलं. तेव्हा इंग्लंडात पाखंड हा गुन्हा होता ना? मग यांच्यावर खटला का नाही झाला?

दप्तरदार

सह्यकडा, मला हेच लिहायचं होतं.

१७३५ च्या कायद्याने जादूटोण्याचे खटले बंद केले होते. म्हणजे कायद्याच्या नजरेत चेटूक उरलंच नव्हतं. पण एप्रिल १७५१ मध्ये, डॅशवुड मठ भाड्याने घेत होता त्याच सुमारास, शेजारच्या हर्टफर्डशायरमध्ये ट्रिंग गावी रूथ ऑस्बोर्न नावाची म्हातारी चेटकीण ठरली. तिने एका माणसाकडे ताक मागितलं होतं, त्याने दिलं नाही, पुढे त्याची वासरं आजारली. एवढाच तिचा अपराध. आसपासच्या बाजारगावांत दवंडी पिटून लोक जमवले. त्यांतलं विन्स्लो डॅशवुडच्याच परगण्यातलं. हजारोंच्या जमावाने तिला आणि तिच्या नवऱ्याला तळ्यात बुचकळलं. ती मेली. पुढाकार घेणाऱ्या टॉमस कॉलीला ऑगस्टमध्ये फाशी झाली.

पाखंडाचा कायदा मात्र जिवंत होता. पीटर अॅनेट हा शाळामास्तर. 'फ्री इन्क्वायरर' नावाचं पत्रक काढून त्याने बायबलच्या पहिल्या पाच ग्रंथांवर शंका घेतल्या. लपूनछपून नाही, छापून. १७६२ च्या अखेरीस त्याच्यावर खटला चालला. वय सत्तरीच्या घरात. शिक्षा: न्यूगेटच्या तुरुंगात महिनाभर, दोनदा भर रस्त्यात खोड्यात उभं करणं, आणि वर्षभर सक्तमजुरी. हे झालं तेव्हा इंग्लंडचा अर्थमंत्री होता सर फ्रान्सिस डॅशवुड, ज्याच्या मठात संतांची आणि संस्कारांची टवाळी चालते हे लंडनमधल्या प्रत्येक सरदाराला ठाऊक होतं. त्याला कुणी शब्दाने विचारलं नाही. विल्क्सलाही विचारलं ते राजाच्या भाषणाला हात घातल्यावर, तोवर त्याची चावट कविता कुणाला टोचली नव्हती.

म्हणून मला सैतानाच्या गोष्टीचा राग येतो. ती ऐकताना उमराव भयंकर आणि रहस्यमय वाटू लागतात. ते मौजेखातर जे करत होते त्यातलं थोडंसं जरी एखाद्या मास्तरने मनापासून छापलं तरी तो खोड्यात जात होता, हे त्यात कुठेच येत नाही.

कस्तुरगंध

हा प्रतिसाद मूळ धाग्यात वर घ्या, अशी विनंती. रूथ ऑस्बोर्नचं नाव तरी उरलंय.

तिठ्यावरचा

+१. माझा वाद मिटला. अॅनेटचं पुढे काय झालं? शिक्षेतून जगला का तो?

दप्तरदार

जगला. सुटल्यावर लंडनजवळ लँबेथला त्याने छोटी शाळा चालवली आणि १७६९ मध्ये वारला. त्या शाळेत शिकून गेलेल्या मुलांत एक जेम्स स्टीफन होता. तोच पुढे गुलामगिरीविरोधी खासदार विल्बरफोर्सचा मेव्हणा आणि कायदेपंडित झाला, गुलामांचा व्यापार बंद करणाऱ्या १८०७ च्या कायद्यामागे ज्याची बुद्धी होती.